वर्षाचा रकाना

तपासणीवाल्या बाईंनी हातातलं साबणाच्या वडीएवढं यंत्र बोनेटवर टेकवलं, ते टुक् करून वाजलं आणि त्या म्हणाल्या, "एकशे दहा."

"म्हणजे काय?" जावईबापूंनी विचारलं.

"रंगाची जाडी. कारखान्यातून निघालेला रंग शंभर ते दीडशेच्या आत असतो. त्याच्या फार वर आकडा गेला, म्हणजे रंगाखाली पुट्टी भरलीय. आणि पुट्टी भरलीय म्हणजे तिथे मार बसलाय."

"मग तुमचं काम लवकर आटपणार. घरातली गाडी आहे ही," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मेव्हण्याकडे हात केला. "आमच्या दादांनीच दिलीय आम्हाला."

दादा हसला. तोंडाला इतकी कोरड पडली होती की वरचा ओठ दाताला चिकटून राहिला.

खरं तर आज त्याने इथे फिरकायचंही कारण नव्हतं. पण गुरुवारी जावईबापूंचा फोन आला. गाडी विकायची म्हणतोय, रविवारी सकाळी जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपनीच्या बाई तपासायला येणार आहेत, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, कुणीही टोपी घालून जाईल, तेव्हा तुम्ही उभे राहा. आता नाही म्हणावं तर का नाही, हे सांगणं आलं. चोराच्या मनात चांदणं. दादा 'येतो' म्हणाला आणि त्या क्षणापासून त्याची झोप उडाली.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. सिग्नलला उभ्या असलेल्या त्याच्या गाडीवर मागून ट्रक येऊन आदळला. दादाला खरचटलंसुद्धा नाही, पण डिकी पार मागच्या सीटपर्यंत आत आली. गॅरेजवाल्याने मागचा भाग कापून काढला, दुसरा तळ जोडला, रंग असा चढवला की जन्मदात्याला ओळखू येऊ नये. वर्षभराने दादा ती विकायला गेला, तर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने बाहेरून हातही लावला नाही. डिकी उघडली, चटई उचलली आणि साडेसहा लाखांची गाडी चारवर आणली. "साहेब, चालायला दहा वर्षं चालेल," तो म्हणाला, "पण विकताना तिचा भाव हाच."

त्याच आठवड्यात बहिणीने फोनवर सांगितलं, आम्ही जुनी गाडी बघतोय. दादा म्हणाला, बाहेर कशाला, घरातली घ्या. बाजारात साडेसहा आहेत, तुम्हाला साडेपाचला. नातेवाइकांत कोण कौतुक झालं त्याचं! भाऊ असावा तर असा. सख्ख्या बहिणीकडून दीड लाख जादा घेऊन वर शाबासकी मिळवणारा माणूस विरळाच. त्याने पहिले दोन-तीन महिने सांगायचं ठरवलं, मग गाडी नीट चालतेय ना, मग झालं तर, असं स्वतःला समजावलं आणि विषय मनातल्या मनात मिटवून टाकला.

"एकशे पंधरा," बाई म्हणाल्या. त्या डाव्या दारावर होत्या. "एकशे वीस."

जिन्यातून बहीण चहाचा ट्रे घेऊन उतरली. ती घरोघर जाऊन म्हाताऱ्या पेशंटांकडून व्यायाम करून घ्यायची. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. तीन वर्षं ही गाडीच तिचे पाय होती. सकाळी दार उघडताना तिने दादाला पहिली बातमी तीच दिली होती: नवी मोठी गाडी घ्यायची, सोमवार ते शनिवार ती तिच्याकडे, मग शहराच्या त्या टोकाचे पेशंटही घेता येतील. "भाव चांगला येईल ना रे?" तिने विचारलं होतं आणि दादाने चपला काढायला खूप वेळ लावला होता.

बाई मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्याशी आल्या. टुक्.

त्यांनी यंत्र चार बोटं सरकवून पुन्हा टेकवलं. मग वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेल्या.

"किती?" जावईबापूंनी विचारलं.

"इकडे सहाशे चाळीस. तिकडे सातशे दहा. डिकी उघडता?"

जावईबापूंनी डिकी उघडली. बाईंनी चटई उचलली, स्टेपनी काढून जमिनीवर ठेवली आणि टॉर्च घेऊन कमरेपर्यंत आत वाकल्या. दादाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्याने हातातला अर्धा कप शेजारच्या स्कूटरच्या सीटवर ठेवला.

"तळ बदललाय," आतून आवाज आला. मग बाई सरळ झाल्या. "कारखान्याचे टाके ठिपक्यांसारखे असतात, सारख्या अंतरावर. हे हाताने केलेलं वेल्डिंग आहे. मागून जबरदस्त मार बसलाय हिला."

"शक्यच नाही," जावईबापू म्हणाले.

"बघा ना तुम्हीच."

जावईबापूंनी वाकून पाहिलं. कळलं काहीच नसणार, पण वर आले तेव्हा चेहरा उतरला होता. "याने भावात किती फरक पडतो?"

"साडेचार धरले होते. आता तीन."

"एकदम दीड लाख? अहो, गाडी उत्तम चालते!"

"चालतेच. काम वाईट केलेलं नाही. पण आमच्याकडून जो घेणार, तोही ही चटई उचलणार." बाईंनी फायलीतून फॉर्म काढला. "पहिले मालक तुम्ही?"

"मी दुसरा. पहिले हे."

बाईंनी दादाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. रोजचं काम होतं त्यांचं.

"तुमच्याकडे असताना काही झालं होतं?"

एक 'हो' म्हणायचं होतं. ते घशापर्यंत आलंही होतं. पण समोर जावईबापू होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की दादाची पाचावर धारण बसली.

"छे," तो म्हणाला. "नाही. काहीच नाही."

"म्हणजे मग तुमच्याकडे असतानाच," बाई जावईबापूंना म्हणाल्या. जावईबापू बायकोकडे वळले.

"अगं?"

बहिणीच्या हातात रिकामा ट्रे होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती दादाकडे पाहत होती, आणि तो आता तरी बोलेल इतका वेळ तिने त्याला दिला. दादाने मान खाली घातली.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तुम्ही महिनाभर बाहेर होतात ना, तेव्हा. मागे घेताना खांबाला लागली. तुम्ही चिडाल म्हणून गुपचूप दुरुस्त करून घेतली."

"खांबाला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मागे घेताना?"

"जोरात होते मी."

बाईंनी उघड्या डिकीत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

जावईबापूंचा चेहरा लाल झाला होता. पण परक्या बाईंसमोर बायकोवर ओरडणारा तो माणूस नव्हे. त्यांनी हात झटकले. "घ्या! दीड लाखाचा खांब! बाई, एवढा महागडा खांब पाहिलात कधी? म्हणून म्हणतो, बायकांच्या हातात गाडी देऊ नये." आणि ते मोठ्याने हसले.

दादाही हसला. हसायचं त्याच्या मनात नव्हतं. पण इतका वेळ आवळून धरलेली छाती मोकळी झाली आणि हसू बाहेर पडलं, चांगलं खळखळून. स्वतःच्या कानांवर पडल्यावर तो गप्प झाला. बहिणीने स्कूटरवरचा त्याचा अर्धा कप उचलला आणि ती वर निघून गेली.

"दादा, माफ करा मला," जावईबापू हळूच म्हणाले. "खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या मनात तुमच्याविषयी नको ते आलं."

"असू दे, असू दे," दादा म्हणाला.

"नवी गाडी मात्र माझ्याच हातात राहणार. हिला आपली बस बरी. आणि उद्या घ्यायला जाऊ तेव्हा तुम्ही बरोबर हवात. तुमच्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही."

दादा पाणी पिऊन येतो म्हणून वर गेला. बहीण ओट्याशी कप विसळत होती. एकच कप, पुन्हा पुन्हा.

"ठमे," त्याने हाक मारली. लहानपणापासून तो तिला ठमीच म्हणायचा. तिने मागे पाहिलं नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून. पंक्चर झालं होतं. स्टेपनी काढायला चटई उचलली, तर पंक्चरवाल्यानेच दाखवलं. म्हणाला, ताई, ही गाडी जोडलेली आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

नळ चालूच होता. दादाने हात पुढे करून तो बंद केला. "मी आत्ता खाली जाऊन सांगतो सगळं."

"काही गरज नाही." आता ती वळली. डोळे कोरडे होते. "तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. आईबाबा गेल्यावर माहेर म्हणून तूच आहेस. हे आज उघडं पडलं असतं, तर उद्यापासून भाजीत मीठ जास्त झालं तरी 'तुझ्या भावाने' सुरू झालं असतं. मला ते जन्मभर ऐकायचं नाही. आणि आता सांगितलंस तर तू लबाड आणि मी खोटारडी. दोघंही."

"पण तुझी गाडी? तुझे पेशंट?"

"बसने जाईन. चार कमी होतील." तिने कप पालथा घातला. "खोटं बोललास ते मी गिळलं असतं रे दादा. तसंही तीन वर्षं गिळतेच आहे. पण तू हसलास."

तो जिना उतरला. प्रत्येक मजल्यावर थांबत उतरला.

जावईबापू फाटकापाशी फोनवर कुणाशी तरी बोलत होते. बाई बोनेटवर फॉर्म ठेवून लिहीत होत्या. दादा जवळ आला तसं त्यांनी मान वर न करताच बोलायला सुरुवात केली.

"पंधरा वर्षं चटया उचलतेय मी. खांबाने बंपर जातो, फार तर डिकीचं झाकण जातं. तळ जात नाही. आणि त्या सांध्यावरचा गंज दोन वर्षांचा नाही." त्यांनी पान उलटलं. "घरातलं तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही. पण खोटं साल मला लिहिता येत नाही. म्हणून अपघाताच्या वर्षाचा रकाना मोकळा ठेवलाय. ज्याला माहीत असेल त्याने भरावा आणि शेजारी सही करावी."

"त्याने भाव वाढेल?"

"एका पैशाने नाही."

त्यांनी पेन फॉर्मवर आडवं ठेवलं आणि त्या यंत्र पिशवीत भरायला लागल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दादाची तर दीड लाखाची होती, आणि ती अजूनही झाकलेलीच होती. बहिणीने स्वतःच्या हाताने झाकली होती. उघडली तर तीही उघडी पडणार. नाही उघडली तर ती उद्यापासून बसच्या रांगेत, आणि हा जावईबापूंबरोबर शोरूममध्ये, जाणकार म्हणून. त्याने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग चार वर्षांपूर्वीचं साल लिहिलं, सही केली, आणि मन माघार घ्यायच्या आत फॉर्म घेऊन फाटकाकडे चालत गेला.

जावईबापूंनी फोन ठेवला. फॉर्म घेतला, खालपर्यंत वाचला. "इथे चूक झालीय. या साली गाडी आमच्याकडे नव्हती."

"माझ्याकडे होती," दादा म्हणाला.

जावईबापूंनी फॉर्म खाली केला.

"मागून ट्रकने धडक दिली होती. व्यापारी चार देत होता. मी तुमच्याकडून साडेपाच घेतले. वरचे दीड मी परत करीन."

जावईबापूंनी पुन्हा फॉर्मकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बहीण येऊन उभी होती. ती केव्हा आली कुणालाच कळलं नव्हतं.

"खांब कुठला होता?" जावईबापूंनी तिला विचारलं.

"नव्हता," ती म्हणाली.

बाईंनी पिशवीची चेन लावली. जावईबापूंनी फॉर्मवर आपली सही केली आणि तो त्यांना नेऊन दिला. मग बायकोला म्हणाले, "उद्या जाऊ गाडी बघायला. तूच चालवून बघ. रोज तुलाच चालवायचीय."

आणि दादाकडे वळून, नेहमीच्याच अदबीने, "तुम्हाला आता उगाच त्रास नको, दादा."

दादाने बहिणीकडे पाहिलं. लग्न असो, घर बघायचं असो, साधा पंखा घ्यायचा असो, ती हटकून म्हणायची, "असं कसं? दादा हवाच."

ती पायरीवरून खाली उतरली आणि त्याच्याजवळून पुढे गेली.

"उद्या किती वाजता निघायचं?" तिने नवऱ्याला विचारलं.