नवव्या मजल्यावरची कळशी

नारळ फुटला, फाटकाजवळचा आग विझवायचा नळ उघडला आणि पाण्याचा फवारा कंपाउंडची भिंत ओलांडून शेजारच्या जांभळावर आदळला. मालाडच्या त्या नव्याकोऱ्या नऊमजली सोसायटीने टाळ्या वाजवल्या. कसल्या टाळ्या! पंपाशेजारी पाणी जोरात येणारच. त्यात पराक्रम तो काय? पण चेअरमन गुणाजी राण्यांनी इंजिनिअर श्यामसुंदर प्रधानांच्या खांद्यावर शाल टाकली आणि त्यांनी ती लाजत लाजत घेतली.

लाजायला कारण होतं. वर चढताना पाणी मजल्यागणिक दमतं, म्हणून चाचणी सगळ्यांत वरच्या नळाची घ्यायची, हे श्यामसुंदर ऑफिसात नव्या लोकांना दरडावून शिकवत. दोन वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, याच इमारतीचं डिझाइन करताना मात्र बिल्डरने लहान पंप मागितला आणि या गृहस्थांनी मान डोलावून तसं गणित जुळवून दिलं. बक्षीस म्हणून सवलतीत फ्लॅट मिळाला. कुठे, तर नवव्या मजल्यावर! एवढा शिकलेला माणूस, स्वतःच्या हाताने स्वतःची वाट लावली आणि वर पेढे वाटले.

आग लागली की लिफ्ट बंद, आणि त्यांची बायको नलिनी हिच्या गुडघ्यांनी जिने केव्हाच सोडले होते. तिने गॅलरीतून वाकून हाक दिली, "अहो, आपल्या मजल्यावरचा पण उघडा ना."

सगळ्यांनी श्यामसुंदरांकडे पाहिलं. खरं बोलायला एवढी बरी वेळ पुन्हा आली नसती.

"खाली एवढं येतंय म्हणजे वर येणारच," ते म्हणाले.

गुणाजींना तेवढंच हवं होतं. खालचा नळ बंद झाला, मंडळी बटाटेवड्यांकडे वळली. पंप बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तो आपला घरघरत होता.

शाल सावरत, हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन श्यामसुंदर वर आले. जिन्याजवळ नलिनी स्टूल टाकून बसली होती. तिने नळ स्वतःच उघडला होता. त्या जाडजूड लाल नळातून करंगळीएवढी धार गळत होती आणि खाली घरातली पितळी कळशी ठेवलेली होती.

"बंद कर ते. कोणी बघेल," ते पुटपुटले.

"बघू दे. आग लागली तर माझ्या वाटणीला हेच ना?" नलिनीचा आवाज चढला नाही. "भरली की चहा टाकते."

श्यामसुंदर शालीसकट तिथेच उभे राहिले. कळशी अजून अर्धीसुद्धा भरली नव्हती.