तोच खड्डा, पाचवं रोप

मी एक ट्री-गार्ड बोलतोय. तीन काठ्यांवर ताणलेली हिरव्या प्लास्टिकची नळी. ससे रोप कुरतडतात, वारा मोडतो, म्हणून मी त्याच्याभोवती उभा असतो. मेलबर्नजवळच्या टार्निटमध्ये, नव्या घरांच्या मागे कोरडा ओढा आहे, त्याच्या काठी माझा मुक्काम. आम्हा गार्डांचं भाग्य एकच: रोपानं वाढावं आणि आम्हाला फाडून बाहेर पडावं.

माझं भाग्य अजून उजळलेलं नाही.

दर ऑगस्टला आपली मराठी मंडळी येतात. एकसारखे टी-शर्ट, डब्यातले गरम बटाटेवडे, घोषणा. दोन तासांत शंभर रोपं लागतात, ग्रुप फोटो होतो. जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, बेचाळीस अंश तापतं तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही. माझ्या पोटात तीन वर्षांत तीन रोपं वाळली. मी टिकलो. दर वर्षी मला झटकून त्याच खड्ड्यावर पुन्हा उभं करतात. शाश्वत विकास म्हणतात तो बहुधा मीच.

चौथं रोप निलगिरीचं. ते चारुतानं लावलं. पुण्याहून शिकायला आली आणि इथेच नोकरीला लागली. हातातला वडा तसाच ठेवून तिनं मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, "उल्हासदादा, उन्हाळ्यात पाण्याचं काय? पाळ्या लावूया?"

"अगं, ग्रँट झाडं लावायची आहे, जगवायची नाही," दादा हसले. "निसर्ग बघून घेईल. नो वरीज!"

निसर्गानं नाही, चारुतानं बघितलं. दर रविवारी सकाळी डिकीतून पाण्याचे दोन कॅन काढायची आणि रोपाला दटावायची, "मरून तर दाखव! मीपण बघते."

शंभरातलं तेवढंच जगलं. जुलैत शेंडा माझ्या काठावर आला. फांद्या आतून टोचायला लागल्या. इतकं गोड दुखणं मला ठाऊक नव्हतं.

ऑगस्टमध्ये मंडळी पुन्हा आली. या वेळी वृक्षारोपणाला खास पाहुणे होते, आणि पार्किंगला सगळ्यांत जवळचा खड्डा माझा.

"दादा, इथे झाड आहे ऑलरेडी," फावडं घेतलेला एक मुलगा म्हणाला.

"हलव ना तिकडे. पाहुण्यांना काय चिखलात नेणार?"

चारुता पोचली तेव्हा फावडं चालून गेलं होतं.

"दादा, ते जिवंत होतं हो!"

"अगं, फेकलंय का? दहा पावलांवर लावलंय. एवढं काय? ये, फोटोत ये."

ती फोटोत गेली नाही. निलगिरीला मुळं तुटलेली सोसत नाहीत. तीन आठवड्यांत ते झाड माझ्या डोळ्यांदेखत वाळलं. फोटोत मागे बॅनर होता: 'पाच वर्षं, पाचशे झाडं.' खड्डे तेच शंभर, ते मोजायचं कोणाला सुचलं नाही.

आता डिसेंबर लागलाय. माझ्या पोटात पाहुण्यांचं रोप आहे, पानं कडेनं करपलेली. चारुता त्या दिवसानंतर आली नाही, आणि तिला मी काय तोंडानं बोलावू?

तुम्ही या. टी-शर्ट नको, बॅनर नको. रविवारी एक कॅन पाणी आणा.

मला एकदा फाटायचं आहे.