कॅनवरची रेघ

मी घटपर्णी बोलतेय. पण आधीच सांगून टाकते, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मी मूळची घटपर्णी नव्हे, तिच्या फांदीचा एक तुकडा. पुढचं मी स्वतः पाहिलं, की तिच्या अंगावरचा कोंब होते म्हणून पाहिल्यासारखं वाटतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

बसवकल्याणला उद्धवरावांच्या बैठकीत आमची काचेची पेटी होती. उद्धवराव कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या लेकीने, विजयश्रीने, केरळातल्या रोपवाटिकेतून आम्हाला पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: क्षार नसलेलंच पाणी घाला, बोअरचं घातलंत तर रोप मरेल. तो शेवटचा शब्द उद्धवरावांच्या मनात रुतून बसला.

पेटी त्यांनी स्वतः भरली. न्हाणीघराच्या कामातून उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे हातोडीने फोडले, तीनदा धुतले आणि पाणी निथळावं म्हणून तळाशी अंथरले. वर काथ्या, शेवाळ आणि आम्ही. खाली निथळलेलं पाणी काथ्या पुन्हा वर ओढून घेई. ट्रॅक्टरच्या दुकानातून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, कॅन भरून. त्यातलं वाटीभर रोज घालायचं काम त्यांच्या पत्नीचं, चंद्रभागाबाईंचं.

बाईंना आमचं कौतुक होतं. पानाच्या टोकाला लोंबणारे झाकणाचे घट, त्यात घसरणाऱ्या मुंग्या. एकादशीला त्या मुंग्या फुंकरीने उडवून लावत आणि म्हणत, "आज उपास कर बाई, उद्या जेव."

दोन महिन्यांनी नवी पानं पिवळी पडू लागली. घट उघडायच्या आतच काळे पडत. विजयश्री दिवाळीला यायची होती. उद्धवराव दिवसातून दहादा काचेशी येत, चष्मा वर करून बघत, आणि मग त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळे.

एके दिवशी, पाणी खरंच कमी होतं का ते बघायला, त्यांनी कॅनवर पाण्याच्या पातळीशी पेनाने बारीक रेघ मारली. वाटीभर पाण्याने मोठ्या कॅनमधली पातळी हललेली कळेना; तिसऱ्या सकाळी ती रेघ बाईंना दिसली.

"ही रेघ कामून मारलाव?"

उद्धवराव चष्मा पुसत राहिले. "खरं सांग. बोअरचं घालायलीस का? नळ हाताशी हाय."

"न्हाई वो. कॅनमधलंच घालायले." बाईंनी वाटी खाली ठेवली. "चाळीस वर्सं दुधात पाणी घातलं न्हाई मी. झाडाच्या पाण्यात कामून लबाडी करीन?"

त्या दिवसापासून त्यांनी पेटीला हात लावला नाही. जेवताना मीठ मागायच्या आत पुढे सरकवत, पण बोलत नसत. उद्धवराव स्वतः पाणी घालू लागले. तरी आम्ही काळ्याच पडत गेलो. हे त्यांना दिसत होतं. आधी घातलेल्या पाण्याचाच दोष असणार, असं ते स्वतःला सांगत असावेत.

दिवाळीच्या आठ दिवस आधी त्यांनी आम्हाला उपटून परसात टाकलं. बाईंनी एकच हिरवा शेंडा खुडला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत नारळाचा भिजलेला काथ्या भरला आणि त्यात तो खोचला. पाणी घातलं ते त्याच कॅनमधलं, नवऱ्यादेखत.

तो शेंडा म्हणजे मी. मी जगले. विजयश्री आली, बरणीकडे बघून म्हणाली, "आईचं जगलं की." उद्धवराव खाली फरशीकडे बघत राहिले.

तीन वर्षं गेली. बोलणं पुन्हा सुरू झालं, पण पाण्याचा विषय घरात निघाला नाही. गेल्या उन्हाळ्यात बाई लोणच्याची लिंबं चिरत होत्या. जन्मभर म्हणत आल्या तसंच म्हणाल्या, "फरशीवर रस सांडू नका, डाग पडतोय."

उद्धवराव दचकले. माळ्यावर धूळ खात पडलेली काचेची पेटी उतरवली, तळातला फरशीचा एक तुकडा बशीत ठेवला आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं. बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "चंद्रभागा, तुझं पाणी बरोबर होतं."

"ते मला ठाऊकच व्हतं," बाई म्हणाल्या आणि पुढचं लिंबू चिरायला घेतलं. थोड्या वेळाने बशी जवळ ओढून त्यांनीही पाहिलं.

आज मला सात घट आहेत. खिडकीत ऊन पुरतं, मुंग्या पुरतात. मागणं एकच. आमचं पान काळं पडलं तर माणसावर रेघ मारण्याआधी एकदा आमच्या मुळाखाली बघा.

बाकी माझ्या आठवणीचा भरवसा नाही, पण एवढं मी या बरणीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं: त्या दगडावर बारीक फेस आला होता. दगड चुनखडीचा होता, त्याचाच क्षार पाण्यात उतरून आमच्या मुळांपर्यंत चढत होता, आणि तो उद्धवरावांनी स्वतः तीनदा धुऊन घातला होता.