पहिली पायली

माझा लेक कुलदीप मास्तर झाला तवापासून मलाच, आपल्या याडीला, शब्द शिकवून राहिला. शेजारची सबीहा पाच पायल्या हरभरा न्यायला आली. पहिली पायली भरताना मी सवयीनं 'बरकत' म्हणले. आमच्याकडं पहिल्या मापाला कुणी एक म्हणत न्हाई.

"एक म्हण, याडी," कुलदीप म्हणाला. "बरकत अरबी हाये, त्यांच्या धर्माचा शब्द."

सबीहा शांतपणे म्हणाली, "अब्बा सांगायचे, तो मूळचा उंटाचा शब्द. उंट गुडघे मोडून बसला की जागचा हालत न्हाई. तसं घरात ठाण मांडून राहतं, ती बरकत."

आम्ही लमाण; माझ्या आज्यानं गावोगाव बैलांवर मीठ वाहिलं. बसलेलं जनावर काय असतं, हे मला कळतं. पण मास्तर हट्ट सोडंना. मी चिडून भरलेली पायली परत आमच्याच पोत्यात उलटी केली अन् पुन्हा मोजाय लागले. "एक," म्हणले, अन् पुढं तोंडातून आपसूक निघालं, "बरकत, दोन, तीन, चार, पाच."

"काकू, सहा झाल्या," सबीहा म्हणाली.

"जास्तीची कोणती?" कुलदीपनं विचारलं.

"तुझी 'एक'."