समोरच्याची बाजू

आमचा मामा स्वतः वकील. पण मी वकिली शिकायला जाणार म्हटल्यावर सगळ्यात आधी आडवा आला तोच. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," म्हणाला. स्वतः रोज चढतो आणि शहाणपण मला शिकवतो! माझं डोकंच फिरलं. प्रवेश घ्यायचा उद्याचा शेवटचा दिवस, आणि विमा कंपनीतली पक्की नोकरी सोडावी की नाही, हे माझंच धड ठरत नव्हतं.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. भांडणही ते तसंच उघडून बघतात. आमच्या घरचा जुना नियम: ज्याला भांडायचंय त्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची, अगदी जीव तोडून. मग स्वतःसाठी एकच वाक्य.

"हं, करा सुरू," डोळ्यावरचं भिंग काढत बाबा म्हणाले.

मामा नाक मुरडत माझ्या बाजूने उभा राहिला, पण वकीलच तो, लगेच रंगात आला. "हिचं डोकं चालतं, आणि जीभ तर डोक्याच्याही पुढे धावते. अशिलाला आणखी काय हवं असतं?" आई पदराआड हसली.

मग माझी पाळी. "तिशी उलटली. वर्गात सगळी कोवळी पोरं, त्यांत ही मावशी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं. आणि नाहीच जमलं तर लोक तोंडावर हसणार."

बोलता बोलता लक्षात आलं, यातलं एकही वाक्य मामाच्या तोंडचं नव्हतं. सगळं माझंच, कित्येक महिने पोटात ठेवलेलं. मोठ्याने बोलून दाखवल्यावर ते इतकं किरकोळ वाटलं की मला स्वतःचाच राग आला. तरी मामाची बाजू मी शेवटपर्यंत लढवली. उगाच कच्ची लढवली असं कुणी म्हणायला नको.

"आता एकेक वाक्य," बाबा म्हणाले.

मामाने हात वर केले. "माझं सगळं हिनेच बोलून टाकलं. तेही माझ्यापेक्षा बरं."

बाबा माझ्याकडे वळले.

"मला जायचंय," मी म्हणाले. छाती आनंदाने भरून आली होती, पण आवाज जराही कापला नाही.

"मग उद्या मी येतो सोबत," मामा उठत म्हणाला. "फक्त पुढे कधी कोर्टात माझ्याविरुद्ध उभी राहू नकोस."

"राहीन की," मी म्हणाले. "तुझी बाजू तर मला आता पाठच आहे."