व्हेलिइटीचं उदाहरण

इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणाऱ्या कोशाचं काम चालू होतं, आणि 'व्ही' हे अक्षर बाईंच्या गळ्यात पडलं होतं. बाई तिथल्या सगळ्यांत जुन्या. शब्दाची पाळंमुळं खणून काढण्यात हातखंडा; नात्यागोत्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद.

त्या सकाळी शब्द आला व्हेलिइटी. अर्थ: कृतीपर्यंत न पोचणारी, अगदी पुसट इच्छा. बोलण्यात हा शब्द कुणी वापरत नाही. कादंबरीकारांना मात्र सोयीचा, कारण नायकाला सरळ आळशी म्हणावं लागत नाही. एका जुन्या कादंबरीतले गृहस्थ समुद्र पाहायला म्हणून पहिल्या पानावर बूट चढवतात आणि शेवटच्या पानावर तेच बूट घरातच काढतात. बाईंनी तिथला उतारा कार्डावर उतरवला. कोशाच्या शिरस्त्याप्रमाणे आता एक स्वतःचं, साधं वाक्य हवं होतं.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, बाबा सारखं तुझं नाव घेतायत. डॉक्टर म्हणाले, आजच भेटून घ्या. गाडी पाठवू?"

"नको रे. एवढा शब्द झाला की निघतेच."

"शब्द काय पळून जातोय?"

बाईंचं बाबांशी भांडण नव्हतं, अबोला नव्हता. कित्येक महिने त्यांना जावंसं वाटत होतं आणि तेवढ्यावरच भागत होतं. त्याचं वाईटही वाटत नव्हतं. फोन ठेवून त्यांनी कार्डावर लिहिलं: 'आजारी वडिलांना भेटायला जावं, असं तिला वाटत असे.'

पर्स उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. आपण गेलो तर हे वाक्य खोटं पडणार. कुणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण उभा जन्म उदाहरणं घासूनपुसून ठेवण्यात गेलेल्या बाईंना ते अगदी रास्त वाटलं. आधी दुसरं वाक्य शोधू, मग जाऊ, असं म्हणून त्या परत येऊन बसल्या. केस कापणं, बाग लावणं, पोहायला शिकणं. एकही वाक्य धड बसेना.

दुपारी संपादकांनी चष्मा कपाळावर चढवून कार्ड वाचलं.

"वा, बाई! लाखात एक उदाहरण. आता याला हात लावू नका."

त्यांनी खाली सही केली. सही झाली की वाक्य कोशाचं, लिहिणाऱ्याचं नाही. बाई सुटल्या. त्यांनी पर्स घेतली आणि भावाला फोन लावला.

"निघाले रे मी."

"सावकाश ये, ताई. आता घाई नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. रडू येईल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या, पण ते आलं नाही. मग त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.