गोळीचा रंग

अंजनाबाई ओलं धोतर दगडावर आपटता आपटता थांबल्या आणि त्यांनी ते तसंच, पाणी गळत असताना, चंदाच्या तोंडासमोर धरलं.

"पाह्य. हा पानाचा डाग नाई."

चंदा अंगणात पोरीच्या टाळूला तेल लावत होती. तिनं मान वर केली. धोतरावर तांबूस झाक होती, विटेच्या पाण्यासारखी.

"आत्या, बाबांच्या गोळीचा रंग आहे तो. गुणवंतभाऊंनीच सांगितलंय. जीवनसत्त्वं असतात त्यात, जास्तीची लघवीतून जातात."

"पहिले पिवळी जात होती ना? मंग आता लाल काऊन?"

"आता दोन घेतात ना ते."

"तू शिकेल आहेस बापा. मी आपली भावाचं धोतर धुणारी." अंजनाबाईंनी धोतर पुन्हा दगडावर घातलं. या खेपेला जरा जोरात.

चंदाचे वडील हरिदास आलापल्लीच्या सागवनात जन्मभर गार्ड म्हणून फिरले. रिटायर झाल्यावर पाय दुखायला लागले, तेव्हा स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात गुणवंतरावांनी त्यांना ताकदीची तांबडी कॅप्सूल लावून दिली. डॉक्टरला विचारू का, असं हरिदास म्हणाले, तर गुणवंतराव हसले. "डॉक्टर कायले पाह्यजे काका? वाघाले भेले नाई अन् गोळीले भेता?" पुढे एकीच्या दोन झाल्या त्याही त्यांच्याच सांगण्यावरून. पण दुसरी गोळी तोंडात टाकण्याआधी हरिदासांनी लेकीकडे पाहिलं होतं. घरात बी.ए. झालेली तीच. तिनं मान हलवली, आणि मग त्यांनी गोळी गिळली.

शेवटी नेलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर सांगितला. हाडांत उतरलेला.

"या गोळ्यांनी झाला का?" चंदानं विचारलं.

"पुरुषांना रोजच्या अशा गोळ्यांनी धोका वाढतो का, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. वाढत असेल, नसेलही." डॉक्टरांनी कागद मिटले. "पण लघवी लाल झाली, तेव्हाच का नाही आणलंत त्यांना?"

हरिदास पुढचा उन्हाळा पाहू शकले नाहीत.

त्यांच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पंगत बसली. गुणवंतराव पांढरा सदरा घालून आले होते. पहिला घास घेतला आणि शेजारच्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाले, "घरात बी.ए. पोरगी. तरी म्हाताऱ्याले उशिरा नेलं. मी तं कवाचा म्हणून राह्यलो होतो, डॉक्टरले दाखवा म्हणून."

पंगतीतली तोंडं चंदाकडे वळली. तिच्या हातात बुंदीचं पातेलं होतं. ती चालत त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांच्या पत्रावळीवर बुंदी वाढत राहिली, वाढतच राहिली. कळ्या ओघळून जमिनीवर गेल्या.

"बस, बस बाई!"

"घ्या ना भाऊ," ती म्हणाली. "तुमचं काही ठेवायचं नाही मला."

त्या दिवसापासून पोरगी शिंकली तरी चंदा औषधाला त्याच दुकानात जाऊ लागली. नवरा म्हणायचा, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं की. ती ऐकून घ्यायची. कडेवरच्या पोरीला काउंटरवर बसवायची आणि बाटल्यांवरच्या तारखा वाचायची. मुदत संपलेली एक जुनी बाटली सापडली असती, तर तिनं पार जिल्ह्यापर्यंत तक्रार नेली असती.

जुनी बाटली सापडली नाही. सापडलं ते वेगळंच.

एका दुपारी गुणवंतरावांनी स्वतःच्या बरणीतून तांबडी कॅप्सूल काढली, चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि गिऱ्हाईक उभं असताना ते मागच्या दारानं लघवीला गेले. दारातून बांबूचं कुंपण दिसत होतं. ते पाठमोरे उभे होते, एका हातानं बांबू धरून, कपाळ हातावर टेकवून. उभेच होते. बाबाही शेवटच्या पावसाळ्यात असेच मोहाच्या झाडाला धरून उभे राहायचे.

चंदाच्या गळ्याखाली काहीतरी थंड, गोड उतरत गेलं. तिनं हातातली बाटली जागेवर ठेवली. त्यानंतर तिनं तारखा वाचल्या नाहीत. ती फक्त त्या मागच्या दाराकडे बघायला जाऊ लागली.

एका सकाळी हापशीवर गुणवंतरावांची बायको इंदुताई भेटली. बादलीत पांढरे पायजमे होते. अंजनाबाई हापसत होत्या. इंदुताईनं इकडेतिकडे पाहिलं आणि चंदाजवळ सरकली.

"चंदा, एक विचारू? ह्यायच्या पायजम्याचे डाग निघूनच नाई राह्यले. ह्यायले म्हटलं तं खेकसतात, म्हणे गोळीचा रंग हाये. तू शिकेल आहेस बाई. तुह्या बाबाच्या धोतराले बी…" ती अडखळली. "गोळीचाच असते ना?"

हापशीचा आवाज थांबला. अंजनाबाईंचा हात दांड्यावर तसाच राहिला. त्या चंदाकडे बघत होत्या.

पोरगी कडेवरून घसरत होती. चंदानं तिला वर ओढून घेतलं.

"गोळीचाच रंग आहे, वहिनी. जास्तीची जीवनसत्त्वं लघवीतून जातात."

"मंग बरं झालं माय." इंदुताईचा सगळा चेहरा सैल पडला. तिनं ओल्या बोटांनी पोरीचा गाल ओढला. "उगीच जिवाले घोर होता."

हापशी पुन्हा सुरू झाली. जरा जोरात.

त्या संध्याकाळी अंजनाबाई चंदाच्या हातचं जेवल्या नाहीत. पोट दुखते म्हणाल्या.

महिन्याभरात नवऱ्याची बदली राजुऱ्याला झाली. सामानाचा ट्रक स्टँडसमोरून गेला तेव्हा दुकान उघडं होतं आणि गुणवंतरावांची खुर्ची रिकामी होती. मागे गेले असतील. चंदानं वळून पाहायचं ठरवलं होतं, पण ट्रक वळला तेव्हा ती पोरीचं टोपरं बांधत बसली. ते आधीच नीट बांधलेलं होतं.

राजुऱ्यात पोरीचे कपडे ती अजून स्वतः धुते, आणि पिळण्याआधी प्रत्येक कपडा उजेडात धरते.

तुमच्यापैकी कोणी आलापल्लीकडे जाणार असेल, तर स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात जरा डोकावून या. काउंटरमागे कोण बसलंय, तेवढं पाहा. आणि इंदुताई दिसली, तर तिला बाजूला घेऊन सांगा, की तो रंग गोळीचा नसतो, त्यांना नागपूरला ने.

चंदानं पाठवलं, हे मात्र सांगू नका.